सापाला कळणारा हात

श्रावण लागला, पाटावर गंधाने नागाची आकृती रेखली गेली, आणि विळी व तवा यांना त्या एका दिवसापुरती विश्रांती मिळाली, की आमच्या आजीच्या तोंडून एक कथा हमखास निघत असे. कोणा शेतकऱ्याने बांधावर नागाला काठी मारली. नाग मेला नाही, जखमी होऊन वारुळात शिरला. परंतु मारणाऱ्याचे रूप त्याने आपल्या डोळ्यांत साठवून ठेवले, आणि बारा वर्षे लोटल्यावर, भर जत्रेत, शेकडो पायांमधून नेमका त्याच माणसाचा पाय हुडकून त्याने आपला हिशेब चुकता केला. यालाच आपल्याकडे डूख धरणे म्हणतात, आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही असा माणूस विरळाच, की ज्याच्या कानांवर डुखाची एखादी तरी कैफियत आलेली नाही.

या कथेच्या शेजारी दुसरी एक कथा ठेवून पाहावी. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत हजारो घरांतून, विजेने ऊब दिलेल्या काचेच्या पेट्यांत, बिनविषारी साप हौसेने पाळले जातात. आणि त्यांचे पालक पुष्कळदा मोठ्या जिव्हाळ्याने सांगतात, की आमचा साप आम्हांला ओळखतो, आमच्या हातात तो निवांत असतो, मात्र पाहुण्याने उचलून घेतले की अंग आक्रसून घेतो, फूत्कारतो, प्रसंगी चावतोही. डूख धरणारा नाग आणि लळा लागलेला अजगर ही, बारकाईने पाहिले तर, एकाच समजुतीची दोन रूपे आहेत. साप माणसाची मुद्रा ध्यानात ठेवतो आणि तिच्याशी वैराचा किंवा स्नेहाचा संबंध जोडतो, ही ती समजूत. पहिल्या कथेत तथ्य नाही, हा निवाडा केव्हाच झालेला आहे. दुसरीचे प्रकरण मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. कारण पालक ज्या फरकाचे वर्णन करतो तो फरक खरोखरच पडतो, आणि डोळे उघडे ठेवणाऱ्या कोणालाही तो दिसतो. शंका घ्यायची ती त्या फरकाच्या खुलाशाबद्दल.

पाळीव साप म्हणून जगात सर्वाधिक मान्यता पावलेल्या जाती मुख्यतः दोन. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक, नारिंगी-तांबूस रंगाचा, सडपातळ, सतत कुठेतरी निघालेला. आणि दुसरा पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील बॉल पायथन, म्हणजे अजगराच्या कुळातील एक ठेंगणा वंशज, बहुधा चार-साडेचार फुटांपलीकडे न जाणारा, दिवसा बिळात पडून राहणारा आणि भय वाटताच आपले मस्तक मध्यभागी लपवून अंगाचा घट्ट चेंडू करणारा. हा चेंडू हेच त्याच्या नावाचे मूळ आहे. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून असे हजारो अजगर परदेशी गेले, तिथल्या हौशी लोकांनी त्यांची पैदास केली, आणि आज पेटीतच जन्मलेल्या पिल्लांची संख्या मोठी आहे. दीर्घायुष्याच्या बाबतीत तर या प्राण्याने शास्त्रज्ञांनाही चकित केले आहे. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात 1961 साली एका खाजगी मालकाकडून आलेली मादी 2020 च्या जुलैत, वयाची बासष्टी उलटल्यावर, सात अंडी घालती झाली, आणि त्यापूर्वीच्या पंधराहून अधिक वर्षांत तिचा नराशी संबंध आलेला नव्हता.

आता अशा प्राण्यास माणूस कसा भासतो, हे समजून घेण्यासाठी आपण आपल्या इंद्रियांचा अभिमान थोडा वेळ बाजूला ठेवला पाहिजे. आपण माणूस ओळखतो तो चेहऱ्यावरून आणि आवाजावरून. सापाच्या लेखी या दोन्ही गोष्टींचे मोल अत्यल्प. त्याच्या डोळ्यांना पापण्या नसतात, त्यांवर काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते, आणि दिवसा बिळात राहून रात्री हिंडणाऱ्या अजगराची दृष्टी हालचाल टिपण्यात जितकी तत्पर तितकी तपशील वाचण्यात नसते. कात टाकण्यापूर्वी काही दिवस तर या आवरणाखाली दुधाळ निळसर द्रव साचून त्याला जवळजवळ आंधळेपण येते. एरवी शांत असणारा साप त्या दिवसांत का चिडतो, हे कोडे पुष्कळ पालकांना पडते, आणि त्याचे उत्तर इतके साधे असते, की कोणाचा हात येतो आहे हे त्याला दिसतच नाही.

आवाजाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. परंतु अंतःकर्णापासून निघालेले एक बारीक हाड त्याच्या जबड्याच्या सांध्याकडील हाडाला जोडलेले असते, आणि त्या वाटेने जमिनीचा कंप त्याला उत्तम कळतो. 2012 साली डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी याच बॉल पायथनवर प्रयोग करून दाखविले, की हवेतील आवाजसुद्धा त्याच्या कवटीला किंचित हलवितात आणि तो कंप त्याला जाणवतो. मात्र त्याची जाणीव सेकंदाला सुमारे 80 ते 160 कंपने एवढ्या खालच्या पट्टीतच तीव्र असते, आणि आवाजही चांगला मोठा असावा लागतो. पुरुषाच्या खर्जातील बोलण्याचा मूळ स्वर साधारण याच पट्टीत येतो, ही योगायोगाची गोष्ट खरी. तथापि पेटीसमोर उभे राहून लाडक्या नावाने हाक मारणाऱ्या पालकाचे नाव-गाव त्यातून सापापर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ते त्याचे पाऊल. जमिनीवर टाच आपटत येणारा आणि हलक्या पावलाने येणारा, हे दोघे सापाच्या दृष्टीने हात पुढे होण्यापूर्वीच दोन निराळे प्राणी ठरलेले असतात.

यानंतर जिभेचा प्रांत सुरू होतो, आणि खऱ्या अर्थाने सापाचे सारे राज्य तिथेच आहे. ती दुभंगलेली जीभ चव घेत नाही, दंश करीत नाही, विषही वाहत नाही. ती निव्वळ हरकाऱ्याचे काम करते. बाहेर येऊन हवेतील व जमिनीवरील गंधकण गोळा करावयाचे आणि टाळूत असलेल्या एका युग्म इंद्रियाच्या हवाली करावयाचे, एवढीच तिची कामगिरी. हे इंद्रिय डॅनिश वैद्य व शरीरशास्त्रज्ञ याकोबसन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वर्णिले म्हणून त्याला त्याचे नाव मिळाले. या इंद्रियाचे सामर्थ्य किती उपजत असते, याची साक्ष अमेरिकेतील गॉर्डन बर्गहार्ट यांनी 1960 च्या दशकात काढली. नुकत्याच जन्मलेल्या, अद्याप एक घासही न खाल्लेल्या गार्टर सापांच्या पिल्लांसमोर त्यांनी गांडूळ, मासा इत्यादिकांच्या अर्कात बुडविलेला कापूस धरला, तेव्हा आपल्या जातीच्या भक्ष्याचा गंध येताच त्या पिल्लांनी जिभा भराभर चालविल्या आणि कापसावरच झडप घातली. ज्या प्राण्यास जगाची पहिली खबर गंधाच्या द्वारे मिळते, त्याच्यासमोर आपण हात नेतो तेव्हा आपण हात नेत नसतो. सकाळपासून त्या हाताने जे जे हाताळले त्या सर्वांचा दाखला नेत असतो. उंदरांच्या पिंजऱ्याची स्वच्छता करून, हात न धुता, सापाला उचलणाऱ्या माणसास चावा बसला, तर त्यात दोष ना माणसाच्या दैवाचा, ना सापाच्या स्वभावाचा; सापाने गंधाने जे वाचले त्याप्रमाणे तो वागला.

भक्ष्याचा गंध जसा, तसा शत्रूचाही. अमेरिकेत किंग स्नेक या नावाचे साप इतर सापांना, विषारी रॅटलस्नेकलासुद्धा, गिळतात. आणि चार्ल्स बोगर्ट यांनी 1941 मध्ये असे नोंदविले, की किंग स्नेकचा नुसता गंध आला तरी रॅटलस्नेक आपले नेहमीचे वेटोळे आणि दंशाचा पवित्रा सोडून देतो, मस्तक जमिनीलगत लपवितो आणि अंगाच्या मधल्या भागाची कमान उचलून तिने तडाखे देऊ लागतो. हे वाचल्यावर ज्या हौशी माणसाकडे दोन-तीन जातींचे साप आहेत त्याने स्वतःशी विचार करावा, की एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाणारा आपला हात त्या दुसऱ्या सापाला कोणाचा निरोप देत असेल.

अजगरांना आणखी एक इंद्रिय लाभलेले आहे, ज्याची तोड आपल्यापाशी नाही. त्यांच्या ओठांवर लहान लहान खाचा असतात, आणि त्या खाचांतील पडद्यांना उष्णतेचे किरण कळतात; म्हणजे काळोख्या बिळातही उंदराचे ऊबदार शरीर त्यांना थंड मातीहून वेगळे जाणवते. माणसाचा तळहात बहुधा 30 ते 34 अंश सेल्सिअसपर्यंत उष्ण असतो, आणि बॉल पायथनला आपल्या पेटीच्या उबदार बाजूस हवी असणारी उष्णता साधारण एवढीच. पालकाच्या मनगटाभोवती वळसे घालून, त्याच्या बाहीत शिरून, मानेपाशी स्थिरावणारा अजगर पाहून ज्याचे अंतःकरण भरून येते त्याला दुखवावे असे मला वाटत नाही. परंतु त्या वळशांत ऊब शोधण्याचा हेतू किती आणि लळ्याचा भाग किती, हे सांगताना प्रामाणिकपणे पहिल्याच पारड्यात वजन घालावे लागते. हिवाळ्यात ज्याची बोटे गार पडतात तो मनुष्य आणि ज्याचे हात बाराही महिने उष्ण असतात तो, यांच्याशी एकच साप वेगळा वागतो, आणि गार हाताचा मालक बिचारा आपल्या प्रेमात काय उणे पडले याचा शोध घेत बसतो.

परंतु गंध, ऊब, कंप या सर्वांहून अधिक बोलतो तो स्पर्श. आणि माणसामाणसांतील खरा भेद इथेच उघड होतो. सापाला हात नाहीत, पाय नाहीत. त्याचे सबंध शरीर हेच त्याचे पाऊल आणि तेच त्याचे बोट. त्याच्या पोटाखाली आधार आहे की नाही, तो आधार स्थिर आहे की डळमळतो, तो दाबतो की झेलतो, हे त्याला अंगभर कळत असते. जाणकार माणूस हात बाजूने नेतो, थोडा खालून नेतो, सापाच्या मधल्या अंगाखाली सरकवितो, दुसरा हात पुढे धरतो, आणि साप चालू लागला की त्याला अडवीत नाही. एका हातावरून दुसऱ्या हातावर त्याला वाट देत राहतो, जशा एका झाडाच्या फांद्या एकामागून एक पुढे यावयाच्या. अजाण माणूस काय करतो? तो वरून झेपावतो, जशी घार झेपावते; मानेमागे चिमटीत धरतो, जसे मुंगूस धरते; आणि साप निसटेल किंवा चावेल या धास्तीने मूठ आवळतो. वरून येणारी सावली, मानेवरचा दाब, सुटकेचा मार्ग बंद, या तीन गोष्टी लक्षावधी वर्षे सापाच्या पूर्वजांना एकच अर्थ सांगत आल्या आहेत. भित्र्या माणसाची भीती सापाला गंधाने कळते असे लोक म्हणतात. इतक्या दूर जाण्याचे कारण नाही, कारण कापणारी बोटे, अर्धवट पुढे येऊन झटक्याने मागे जाणारा हात आणि मग एकाएकी केलेली घट्ट पकड यांतून ती भीती त्याच्या कातडीवर जशीच्या तशी उमटते.

याला प्रयोगाचाही आधार आहे. बर्गहार्ट यांचे सहकारी हॅरोल्ड हर्झॉग यांनी गार्टर सापांच्या पिल्लांपुढे माणसाचे बोट धरून त्यांचा प्रतिकार मोजला. बोट स्थिर ठेवले तर पिल्ले कमी चवताळत, तेच बोट हलविले तर अधिक. रोज रोज हाच प्रकार घडून त्यातून काही इजा होत नाही असे अनुभवास आल्यावर तो प्रतिकार मंदावत जाई. मात्र किती लवकर मंदावतो, हे जातीजातीत, इतकेच नव्हे तर एकाच जातीच्या पिल्लापिल्लांतही निरनिराळे दिसे. आपल्याकडे अंगवळणी पडणे हा जो वाक्प्रचार आहे तो या घटनेला विलक्षण शोभतो, कारण सापाच्या बाबतीत ती गोष्ट अक्षरशः अंगाच्या वळणांनीच घडते. आणि अंगवळणी पडते ते काय? मनुष्यजात नव्हे, मालक नावाची व्यक्तीही नव्हे. तर एक ठराविक प्रकारचा स्पर्श, एक ठराविक चाल, एक ठराविक गंध, एक ठराविक वेळ. घरातील एकाच माणसाने सहा महिने आपल्या शांत हातांनी सापाला अशी सवय लावली, आणि मग रविवारी आलेल्या पाहुण्याच्या हातात, गप्पांच्या ओघात, तो साप दिला, तर त्या पाहुण्याच्या हातात तो जवळजवळ पहिल्या दिवसाचाच साप होतो. त्यात पाहुण्याचा अव्हेर नाही आणि मालकाचा गौरवही नाही. जो करार एका हाताशी झाला होता तो दुसऱ्या हाताला लागू होत नाही, इतकेच.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण ती कुत्र्या-मांजरांच्या अनुभवाच्या अगदी उलट आहे. कुत्रा अन्नदात्याला जीव लावतो. सापाच्या बाबतीत पुष्कळदा अन्नदात्यालाच चावा बसतो. जो माणूस पेटीचे झाकण केवळ खाणे घालण्यासाठीच उघडतो, त्याच्या बाबतीत झाकणाचा आवाज, आत येणारी ऊब आणि भक्ष्य यांची साप एक साखळी बांधून घेतो, आणि पुढे कधीतरी तोच माणूस रिकामा हात आत घालतो तेव्हा त्या साखळीप्रमाणे झडप ठरलेलीच असते. घरातील दुसरी व्यक्ती, जिने कधी खाणे घातले नाही, पाणी बदलले आणि पेटी पुसली, ती मात्र निर्वेधपणे त्याला उचलून घेते, आणि मग सारे घर म्हणते की याला ताई आवडते, दादा आवडत नाही. अनुभवी पालक यावर साधी तजवीज करतात. हात घालण्यापूर्वी वळणदार टोकाच्या काठीने सापाच्या अंगाला हळूच स्पर्श करतात. काठीचा स्पर्श म्हणजे आज उचलणे आहे, खाणे नाही, हा संकेत साप लवकर शिकतो, आणि मग काठी कोणाच्याही हातात असली तरी तो संकेत पाळतो. खाल्ल्यानंतर निदान दोन दिवस त्याला हातच न लावण्याचा दस्तूरही याच लोकांचा. अर्धवट पचलेले भक्ष्य ओकून टाकण्याची पाळी सापावर आली तर ती त्याच्या प्रकृतीला फार जड जाते.

मला अधिक चिंता वाटते ती चावणाऱ्या सापाची नव्हे, तर न चावणाऱ्याची. सापाला चेहऱ्यावर भाव आणता येत नाहीत, त्याला ओरडता येत नाही, आणि म्हणून त्याची स्तब्धता ही आपण हव्या त्या अर्थाने वाचून टाकतो. स्वस्थ साप हातात असताना हळूहळू पुढे सरकत असतो, त्याची जीभ लांब व सावकाश हेलकावे घेत असते, अंग भरलेले पण सैल असते. भ्यालेला साप कधी गळ्याची नागमोडी वळणे करून झडपेच्या तयारीत राहतो, कधी शेपटी थरथरवितो, कधी गुदद्वाराशी असलेल्या ग्रंथींतून दुर्गंधी द्रव सोडतो. परंतु कधी कधी तो यांतले काहीही करीत नाही. तो ताठर होऊन थिजतो, त्याची जीभ बंद पडते, आणि दहा लोकांच्या गळ्यांतून फिरून, दहा छायाचित्रांत झळकून, अखेर तो किती गुणी आहे अशी वाखाणणी ऐकत आपल्या पेटीत परत जातो. बॉल पायथनच्या वाट्याला हे फार येते, कारण त्याची परंपरागत युक्तीच चेंडू होऊन निश्चल राहण्याची. वाढदिवसाच्या समारंभांत, मेळ्यांत, दुकानांच्या दारांत त्याला हातोहात फिरविण्याची जी प्रथा पाश्चात्त्य देशांत रूढ आहे, ती पाहून मला वाईट वाटते, आणि ते लपविण्याचे मला कारण दिसत नाही.

मग साप माणसाला मुळीच ओळखत नाही, असा निकाल द्यावा काय? मीही काही वर्षांपूर्वी तो निःशंकपणे दिला असता. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सापाच्या बुद्धीविषयी जे पुढे आले आहे त्याने हा निकाल स्थगित ठेवणे भाग पडते. डेव्हिड होल्ट्झमन यांनी 1999 मध्ये दाखवून दिले, की कॉर्न स्नेकची पिल्ले मोकळ्या रिंगणातील अनेक छिद्रांपैकी सुटकेचे छिद्र कोणते, हे काही प्रयत्नांत शिकतात आणि लक्षात ठेवतात. रुलॉन क्लार्क यांना 2004 मध्ये असे आढळले, की टिंबर रॅटलस्नेकच्या माद्यांना आपल्या सख्ख्या बहिणी परक्या माद्यांहून वेगळ्या कळतात, आणि जन्मल्यावर वेगळे वाढविले तरी कळतात. कॅनडातील मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी 2020 मध्ये गार्टर सापांत ठराविक सोबत्यांची निवड पाहिली. पुढे 2024 मध्ये त्याच मंडळींनी सापांसमोर त्यांचाच गंध किंचित बदलून ठेवला, तेव्हा गार्टर साप त्या फेरफार केलेल्या स्वगंधाकडे विशेष लक्ष देताना दिसले, बॉल पायथन मात्र दिसले नाहीत. कळपाने विश्रांती घेणारा साप आणि एकटा राहणारा साप यांतला हा फरक असावा, असा तर्क सयुक्तिक आहे. आणि सर्व सापांना एकाच मापाने मोजू नये, हा इशाराही त्यात आहे.

या सर्वांत आपल्या प्रश्नाच्या ऐन गाभ्याशी येऊन भिडणारा प्रयोग झाला तो इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात, आणि त्याची हकीकत 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील संशोधकांनी कॉर्न स्नेकसमोर ओळखीच्या माणसाचा आणि अनोळखी माणसाचा गंध ठेवून पाहिला. काही काळ सापांना साध्या पेटीत राहावयास दिले होते, तर काही काळ समृद्ध पेटीत, म्हणजे जिच्यात चढणे, शिरणे, लपणे यांना वाव होता अशा. निष्कर्ष असा निघाला, की समृद्ध निवासात राहिलेल्या सापांनी ओळखीचा गंध आणि परका गंध यांत भेद केला. साध्या निवासात राहिल्यावर तो भेद दिसून आला नाही. या एका प्रयोगावर इमारत उभारू नये हे खरे. त्यातून प्रेम सिद्ध होत नाही, आणि बारा वर्षांचे वैर तर नाहीच नाही. परंतु आपला साप आपल्याला ओळखतो का, असे ज्याला मनापासून विचारावेसे वाटते त्याला आता उलट विचारता येईल, की त्याला ओळखता यावे असे घर तू त्याला दिले आहेस का. तिकडील कित्येक पैदासकार आपले साप कपाटाच्या खणांसारख्या अरुंद पेट्यांत, तळाशी कागद आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी एवढ्यावर, वर्षेच्या वर्षे ठेवतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाची धार लक्षात येते.

पेटी मुळीच नसेल तर काय होते, हे पाहावयाचे असल्यास बॉल पायथनच्या मायदेशी जावे. बेनिनच्या किनाऱ्याजवळील विडा या जुन्या गावात अजगरांचे एक मंदिर आहे. दांग्बे या दैवताचे रूप म्हणून तिथे हे साप पूज्य मानतात. त्यांना खाण्याच्या शोधात गावात हिंडण्याची मुभा असते, आणि एखादा अजगर कोणाच्या घरात शिरला तर घरचे लोक त्याला न मारता आदराने उचलून मंदिरात परत पोहोचवितात. प्रवाशांच्या गळ्यात अजगर घालून छायाचित्रे काढण्याचा प्रघात तिथेही शिरला आहे, हेही सांगितले पाहिजे. परंतु गावातील माणसाच्या हाताला शतकानुशतके जे वळण लागले आहे, ज्याला साप उचलताना काठी आठवत नाही आणि मूठ आवळावीशी वाटत नाही, त्या हातात आणि नवख्याच्या हातात जो भेद आहे, तो सापाला क्षणात कळत असणार यात मला संदेह वाटत नाही.

आपल्याकडील सर्पमित्रांचे हातही असेच घडलेले असतात. धामण पकडताना ती चावणार हे गृहीत धरावयाचे, दिवड तर हात पोहोचण्यापूर्वीच उसळणार, आणि मांडूळ मात्र माती चाळावी तशा सहजतेने ओंजळीत येणार, हे ज्ञान त्यांच्या बोटांत असते. नागाच्या बाबतीत ते त्याच्या फण्यासमोर हात हलवीत नाहीत; कारण गारुड्याचा नाग डोलत होता तो पुंगीच्या सुरावर नव्हे, तर पुंगीच्या आणि गारुड्याच्या गुडघ्याच्या हालचालीवर नजर रोखून. त्या नागांच्या विषदंतांची आणि तोंडांची जी दुर्दशा गारुडी करीत, ती आठवली म्हणजे त्यांच्या सौम्यपणाचे वर्णन करावयास लेखणी धजत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्या देशी सापांना घरी पाळण्याची वाट बंद केली. परदेशी जातींपैकी वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेल्यांची नोंद करणे 2022 च्या दुरुस्तीने आणि 2024 च्या नियमांनी बंधनकारक झाले. बॉल पायथन त्या यादीत आहे. तरीही मागणी आहे म्हणून चोरटा पुरवठा आहे.

2023 च्या डिसेंबरात बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना बिस्किटांचे आणि केकचे पुडे सापडले, आणि त्या पुड्यांत नऊ बॉल पायथन व दोन कॉर्न स्नेक निघाले. विमानाचा अखंड कंप कवटीत, बिस्किटांचा गंध जिभेवर, आणि अंग सरळ करावयास जागा नाही अशा अवस्थेत ते अकरा जीव समुद्र ओलांडून आले होते. जप्तीच्या पंचनाम्यासाठी पुडा उघडला गेला तेव्हा वरून प्रकाश आला असेल, आणि त्या प्रकाशामागून एक हात. तो वरून आला की बाजूने, त्याने मूठ आवळली की तळवा पसरला, एवढेच त्या क्षणी त्यांना मुंबईबद्दल कळू शकत होते.